पवनचक्क्या बदलताना मेगावॉटइतकाच व्हारचाही हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्याकडची वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरची पठारे, सांगलीतले ढालगाव, धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल या ठिकाणच्या कित्येक पवनचक्क्यांनी आता विशी ओलांडली आहे. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2023 मध्ये 2 मेगावॉटपेक्षा लहान यंत्रे काढून त्यांच्या जागी मोठी बसवण्याचे धोरण जाहीर केले. त्यावर जी चर्चा चालते ती जागेची, दराची आणि मेगावॉटची. रिॲक्टिव्ह पॉवरचे नाव त्यात क्वचितच निघते. प्रत्यक्षात नवी यंत्रे ग्रिडवर सुखाने चालणार की ऐन पावसाळ्यात वारंवार ट्रिप होणार, हे बरेचसे तिच्यावरच ठरते. जोडणीच्या अटी एकदा कागदावर बसल्या की पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या हलत नाहीत. म्हणून हे पत्र आत्ता लिहीत आहोत.

मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि लाइन यांच्यातले चुंबकीय क्षेत्र उभे राहण्यासाठी प्रत्येक आवर्तनात जी ऊर्जा आत-बाहेर होत राहते, ती रिॲक्टिव्ह पॉवर. आम्ही मंडळी तिला नुसते ‘व्हार’ म्हणतो. तिने मीटरवर युनिट पडत नाहीत, पण तारेतला करंट वाढतो. शिवाय एखाद्या ठिकाणचे व्होल्टेज चढणार की पडणार हे मुख्यतः तिच्यावर अवलंबून असते. ती लांबून आणता येत नाही, वाटेतल्या लाइनीच ती खाऊन टाकतात. जिथे गरज आहे तिथेच ती तयार करावी लागते किंवा शोषून घ्यावी लागते.

जुन्या पठारांवरची बरीच यंत्रे साध्या इंडक्शन जनरेटरची आहेत. हा जनरेटर ग्रिडकडून व्हार घेतल्याशिवाय वीज निर्माण करूच शकत नाही. 600 किलोवॉटचे यंत्र पूर्ण भारावर 0.88 पॉवर फॅक्टरने (एकूण विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा; 1 म्हणजे व्हार शून्य) चालत असेल तर ते सुमारे 325 केव्हीएआर (व्हारचे माप; हजार केव्हीएआर म्हणजे एक एमव्हीएआर) ओढते. त्यासाठी टॉवरच्या पायथ्याच्या पॅनेलमध्ये व्हार पुरवणाऱ्या कपॅसिटरच्या पायऱ्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने जोडले जाणारे संच, असतात. अडचण अशी की कपॅसिटरचे व्हार व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. व्होल्टेज 90 टक्क्यांवर आले की कपॅसिटर 81 टक्केच देतो, 80 वर आले की 64 टक्के. नेमक्या त्याच वेळी जनरेटरची भूक वाढलेली असते. पडत्या व्होल्टेजला आधार द्यायच्या क्षणी जुनी पवनचक्की त्याला आणखी खाली ओढते ती यामुळे.

ही जुनी यंत्रे अजून काही वर्षे चालणार असतील, तर निदान पायऱ्या तपासा. 690 व्होल्टवर 25 केव्हीएआरच्या पायरीला प्रत्येक फेजमध्ये सुमारे 21 अँपिअर यायला हवेत. क्लॅम्प मीटर लावल्यावर एका फेजमध्ये 21 आणि उरलेल्या दोघांत 12-12 दिसले, तर डेल्टामधला (कपॅसिटरच्या त्रिकोणी जोडणीतला) एक भाग मेला आहे असे समजावे. फ्यूज शाबूत असतो, कॉन्टॅक्टर ओढलेला असतो, पॅनेलवरचा दिवाही लागलेला असतो. त्यामुळे वरवरच्या पाहणीत हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. तिन्ही फेज सारखेच पण कमी दिसले, तर कपॅसिटर कोणत्या व्होल्टेजसाठी रेट केला आहे ते पाटीवर आधी वाचावे. 800 व्होल्टवर 25 केव्हीएआर लिहिलेला कपॅसिटर 690 वर साडेअठराच देतो. तो बिघाड नव्हे, खरेदीतली चूक.

आता नव्या यंत्रांकडे वळू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ग्रिड जोडणीच्या नियमांत 2013 ची दुरुस्ती झाली, तेव्हापासून नव्या पवन प्रकल्पांनी 0.95 लॅग (व्हार देताना) ते 0.95 लीड (व्हार शोषताना) या मर्यादेत, गरजेप्रमाणे बदलती रिॲक्टिव्ह पॉवर पुरवणे बंधनकारक आहे. अमेरिकेत फर्क या नियामक आयोगाने 2005 च्या आदेशात पवन प्रकल्पांना सवलत ठेवली होती. ग्रिडच्या अभ्यासात गरज सिद्ध झाली तरच त्यांच्याकडून हे मागायचे, अशी ती सवलत. ती 2016 च्या आदेश क्र. 827 ने नव्या प्रकल्पांपुरती संपली, आणि 0.95 ची मर्यादा कुठे मोजायची तेही ठरले: प्रकल्पाच्या सबस्टेशनच्या उच्चदाब बाजूला.

हे ‘कुठे’ फार महत्त्वाचे आहे. एक हिशेब मांडून पाहू. प्रकल्प 50 मेगावॉटचा, 2 मेगावॉटची 25 यंत्रे. प्रत्येक यंत्राला 2.35 एमव्हीए क्षमतेचा, 6 टक्के इम्पीडन्सचा (अंतर्गत अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर. सगळ्या यंत्रांची वीज गोळा करणाऱ्या पूलिंग सबस्टेशनला 33/220 केव्हीचा, 60 एमव्हीएचा, 12 टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर. पूर्ण उत्पादनाला 0.95 पॉवर फॅक्टर म्हणजे 16.4 एमव्हीएआर. यंत्र विकणारा सांगतो, ‘आमचे यंत्र 0.95 देते’. ते खरेच असते, पण यंत्राच्या टर्मिनलवर. तिथून निघालेल्या 16.4 पैकी यंत्रांचे ट्रान्सफॉर्मर सुमारे 2.8 खातात, पूलिंगचा ट्रान्सफॉर्मर साडेपाच, आणि 33 केव्हीच्या लाइनी अर्धा-पाऊण. म्हणजे वाटेतच 9 एमव्हीएआर संपले. 220 केव्हीच्या मीटरपर्यंत जेमतेम साडेसात पोहोचतात आणि तिथला पॉवर फॅक्टर 0.99 च्या आसपास निघतो. तिथे खरोखर 16.4 हवे असतील तर यंत्रांनी टर्मिनलवर 25 एमव्हीएआर द्यायला हवेत, म्हणजे यंत्रे 0.89 पॉवर फॅक्टरची घ्यावी लागतात. नाहीतर उरलेले 9 एमव्हीएआर दुसरीकडून आणावे लागतात. निविदेत ‘0.95’ हा आकडा असतो, मोजण्याची जागा नसते, आणि वाद थेट कार्यान्वयनाच्या आठवड्यात सुरू होतो.

व्हार शोषायच्या बाजूला चित्र उलटे दिसते. तिथे ट्रान्सफॉर्मर स्वतःच 9 शोषतात, म्हणून यंत्रांवर बोजा कमी पडतो. पण हा हिशेब पूर्ण वाऱ्याचा आहे. वारा पडला की करंट पडतो आणि करंटच्या वर्गाने बदलणारे हे नुकसान जवळजवळ नाहीसे होते. त्यात 33 केव्हीचे जाळे भूमिगत केबलचे असेल, तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे 75 केव्हीएआर उलट तयार होत राहतात. अशी 40 किलोमीटर केबल असेल तर मध्यरात्री शांत वाऱ्यात प्रकल्प एकही युनिट न देता 3 एमव्हीएआर ग्रिडमध्ये ढकलत बसतो. ओव्हरहेड लाइनला हा त्रास नगण्य असतो. आपल्या पठारांवर बहुतेक ओव्हरहेडच आहे, म्हणून इकडे कुणाचे लक्ष जात नाही. नव्या मांडणीत केबल येणार असेल तर तिच्यासाठी शंट रिॲक्टर (व्हार शोषणारे वेटोळे) लागेल का, हे आधीच पाहावे.

‘9 एमव्हीएआर कमी पडतात ना, मग 33 केव्हीच्या बसवर (सबस्टेशनच्या सामाईक वाहकावर) 9 एमव्हीएआरची कपॅसिटर बँक टाका’ हा उपाय हमखास सुचवला जातो, कारण तो सर्वांत स्वस्त आहे. वरच्याच प्रकल्पात तो करून पाहा. 220 केव्हीची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किट झाल्यास ग्रिड किती ताकद लावेल त्याचे माप) 5000 एमव्हीए धरली तर 33 केव्हीच्या बसवर ती सुमारे 450 उरते. कपॅसिटर आणि ग्रिड यांचा रेझोनन्स (ज्या वारंवारितेला दोघे मिळून आंदोलने वाढवतात ती जागा) कुठे पडेल हे फॉल्ट लेव्हलला कपॅसिटरच्या एमव्हीएआरने भागून वर्गमूळ काढले की कळते. 450 भागिले 9 म्हणजे 50, वर्गमूळ 7.1. सातव्या हार्मोनिकवर (मूळ 50 च्या सातपट वारंवारितेवर), 350 हर्ट्‌झला, बँक नेमकी जाऊन बसली. दुप्पट केली तर 5 वर, म्हणजे पाचव्या हार्मोनिकवर. यंत्रांच्या कन्व्हर्टरमधून (वीज ग्रिडजोगी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातून) आणि ग्रिडमधून हेच दोन हार्मोनिक येत असतात. मग कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात, 33 केव्हीचे पीटी (व्होल्टेज मोजणारे ट्रान्सफॉर्मर) जळतात, आणि दोष निकृष्ट मालावर ढकलला जातो. बँकेबरोबर मालिकेत 7 टक्क्यांचा रिॲक्टर घेतला तर ट्यूनिंग 189 हर्ट्‌झला खाली सरकते आणि ती या दोघांपासून दूर राहते. मात्र रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचे व्होल्टेज चढते, म्हणून कपॅसिटरही त्या वाढीव व्होल्टेजचाच घ्यायचा.

शिवाय कपॅसिटर बँक एका दमात लागते किंवा सुटते. उच्चदाब बँक सोडली की तिच्यातला चार्ज उतरेपर्यंत साधारण 10 मिनिटे ती पुन्हा जोडता येत नाही. वाऱ्याचा झोत मिनिटागणिक बदलतो. नियमात ‘गरजेप्रमाणे बदलती’ असे म्हटले आहे त्याला कारण आहे. स्थिर गरजेचा पाया कपॅसिटरने भरा. वरचा हलता भाग यंत्रांच्या कन्व्हर्टरने किंवा स्टॅटकॉमने (क्षणोक्षणी व्हार देणाऱ्या-शोषणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने) द्यायला हवा.

एवढे करूनही पॉवर फॅक्टर हे माप लंगडेच राहते. उत्पादन 5 मेगावॉटवर आले की 0.95 म्हणजे फक्त 1.6 एमव्हीएआर. नियम पाळला जातो, ग्रिडच्या हाती काही पडत नाही. ब्रिटनच्या ग्रिड कोडमध्ये पूर्ण क्षमतेला 0.95 ने जेवढे एमव्हीएआर होतात, तेवढेच देण्याची तयारी उत्पादन 20 टक्क्यांवर उतरेपर्यंत कायम ठेवावी लागते. आपल्याकडच्या जोडणी करारातही अट एमव्हीएआरमध्ये लिहावी: वरच्या प्रकल्पाला 16.4 देण्याची आणि 16.4 शोषण्याची, 20 टक्के उत्पादनापासून 100 टक्क्यांपर्यंत. ती ग्रिडच्या व्होल्टेजच्या कोणत्या पट्ट्यात आणि किती तापमानापर्यंत, हेही लिहावे. कन्व्हर्टर 45 अंशांना थंड हवेइतके व्हार देत नाही, आणि यंत्राचा जो आलेख प्रस्तावाला जोडलेला असतो तो बहुधा सोयीच्या तापमानाचा असतो.

व्होल्टेजच्या पट्ट्याचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. ग्रिड 105 टक्क्यांवर आहे आणि प्रकल्पाला पूर्ण 16.4 एमव्हीएआर द्यायला सांगितले. पूलिंगच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज सुमारे 3.3 टक्के चढते, यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणखी अडीच. यंत्राच्या टर्मिनलवर 110 टक्क्यांच्या वर गेले की ओव्हरव्होल्टेज संरक्षणाचे घड्याळ चालू होते. 2019 च्या दुरुस्तीनुसार जोडबिंदूवर, म्हणजे प्रकल्प ग्रिडला जोडतो तिथे, व्होल्टेज 110 ते 120 टक्क्यांत असताना 2 सेकंद तग धरायचा आहे. इथे जोडबिंदूवर 105 टक्केच असतात, तरी यंत्र आपल्या टर्मिनलवरच्या व्होल्टेजने सुटू शकते. हे टाळायचे तर ट्रान्सफॉर्मरच्या ऑन-लोड टॅपने (भार चालू असताना वेढ्यांचे गुणोत्तर बदलण्याच्या सोयीने) 33 केव्ही खाली धरायला हवे. टॅपचे आणि व्हारच्या नियंत्रकाचे सेटिंग एकाच टेबलावर बसून ठरले पाहिजे. दोघांचा डेडबँड (जेवढ्या फरकाला हालचाल करायची नाही तो पट्टा) सारखा किंवा टॅपची वेळ नियंत्रकाइतकीच जलद ठेवली, तर दोघे एकमेकांच्या मागे धावत राहतात आणि टॅप चेंजर अकाली झिजतो.

व्हार कोणत्या पद्धतीने सोडायचे, हा यापुढचा आणि आमच्या मते सगळ्यांत दुर्लक्षित प्रश्न. प्रकल्पाचा मुख्य नियंत्रक तीन पद्धतींनी चालू शकतो: ठरावीक पॉवर फॅक्टर, ठरावीक एमव्हीएआर, किंवा व्होल्टेज बघून. आपल्याकडे बिलाच्या भीतीने पहिली पद्धत लावून, पॉवर फॅक्टर एकच्या जवळ ठेवून मोकळे होण्याकडे कल दिसतो. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, त्या घटनेत ग्रिडचे व्होल्टेज चढत गेले आणि एकामागून एक केंद्रे ओव्हरव्होल्टेजने सुटली. तिथले बहुतेक सौर-पवन प्रकल्प तेव्हाच्या नियमांप्रमाणे ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होते. व्होल्टेज चढतेय म्हणून व्हार शोषणे त्यांच्या कामातच नव्हते. उलट असा प्रकल्प व्हार शोषत असताना त्याचे उत्पादन घटले किंवा तो सुटला, की त्याचे शोषणेही त्याच प्रमाणात जाते आणि व्होल्टेज आणखी वर उसळते.

व्होल्टेज पद्धतीत ड्रूप ठेवायचा असतो, म्हणजे व्होल्टेज किती टक्के हलल्यावर पूर्ण व्हार लावायचे ते प्रमाण. 4 टक्के ड्रूप असेल तर 220 केव्हीचे व्होल्टेज 2 टक्क्यांनी चढून 224.4 झाले की वरचा प्रकल्प आपोआप 8.2 एमव्हीएआर शोषतो. कुणी फोन करायचा नाही, वाट पाहायची नाही. ड्रूप शून्याकडे नेण्याचा मोह आवरावा. एकाच बसवर दोन प्रकल्प असले आणि त्यांच्या पीटीमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक असला, तर ड्रूपशिवाय एक जण पूर्ण देत राहतो आणि दुसरा पूर्ण शोषत राहतो. बसवर फरक शून्य, दोघांचे ट्रान्सफॉर्मर मात्र तापलेले. आपल्या पठारांवर एका पूलिंग सबस्टेशनवर अनेक मालकांची यंत्रे असतात, म्हणून हे इथे हमखास घडणारे आहे.

कार्यान्वयनात आणखी एक चूक वारंवार होते: नियंत्रकाला जाणाऱ्या सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी उलटी. मग व्हार हवे असताना नियंत्रक शोषायला लागतो, व्होल्टेज पडते, तो आणखी शोषतो, आणि काही सेकंदांत शेवटच्या मर्यादेला जाऊन टेकतो. यावर साधा उपाय आहे. पहिल्या दिवशी नियंत्रक हाताने चालवून फक्त 1 एमव्हीएआर देण्याची आज्ञा द्यावी आणि समोरच्या सबस्टेशनमधल्या मीटरवर काटा कुठे सरकतो ते त्याच क्षणी विचारावे. दोन्ही टोकांची नोंद जुळल्याशिवाय ऑटोवर टाकू नये.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट विशेष सांगायला हवी. आपला वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरचा. त्याच काळात शेतीपंप बंद असतात, लाइनी हलक्या असतात, आणि हलकी लाइन स्वतःच व्हार तयार करते: 220 केव्हीची दर 100 किलोमीटरला तेरा-चौदा एमव्हीएआर, 400 केव्हीची पन्नासच्या वर. म्हणजे पावसाळ्यात ग्रिडला व्हार शोषणारा हवा असतो. रब्बीत आणि उन्हाळ्यात पंप धो धो चालतात, त्यांच्या मोटरी व्हार ओढतात, फीडरच्या टोकाला व्होल्टेज पडते आणि मोटरी जळतात. तेव्हा व्हार देणारा हवा असतो आणि पठारावरची यंत्रे वाऱ्याअभावी नुसती उभी असतात. पूर्ण कन्व्हर्टरची नवी यंत्रे वारा नसतानाही व्हार देऊ शकतात, खरेदीच्या वेळी ती सोय मागून घेतली तर. मात्र त्या वेळी कन्व्हर्टर ग्रिडकडून थोडे युनिट खातो आणि त्यांचे बिल मालकाला लागते. मग कोण कशाला चालू ठेवेल? हा खर्च नियामक आयोगाने मान्य करून भरून दिला, तर पंपांच्या हंगामात त्या परिसरातल्या सबस्टेशनांना वेगळी यंत्रणा न बसवता मोठा आधार मिळेल.

यात बिलाची पद्धत आडवी येते. गुजरातच्या वीज नियामक आयोगाच्या पवन दरआदेशांत रिॲक्टिव्ह ऊर्जेचा आकार असा होता: दिलेल्या निव्वळ युनिटांच्या 10 टक्क्यांपर्यंत व्हार ओढले तर प्रति केव्हीएआरएच (व्हारचे युनिट) 10 पैसे, त्यापुढे 25 पैसे. जुन्या इंडक्शन यंत्रांच्या मालकांना कपॅसिटर नीट ठेवायला भाग पाडण्यासाठी अशी पद्धत योग्यच होती. पण ती व्होल्टेज पाहत नाही. पावसाळ्यात ग्रिड 104 टक्क्यांवर असताना प्रकल्पाने व्हार शोषले तर ती सेवा आहे, आणि या पद्धतीत तिचा दंड होतो. आंतरराज्य ग्रिडमध्ये राज्यांसाठी नियम कितीतरी शहाणा आहे. व्होल्टेज 97 टक्क्यांच्या खाली असताना व्हार ओढले तर पैसे भरा, दिले तर मिळवा. 103 टक्क्यांच्या वर असताना बरोबर उलट. मधल्या पट्ट्यात काहीच नाही. व्होल्टेजसह नोंद ठेवणारे मीटर आज जोडबिंदूवर असतातच. तोच नियम राज्यातल्या पवन प्रकल्पांना लावायला नवी यंत्रसामग्री लागत नाही, आदेश लागतो.

तेव्हा यंत्रे बदलण्याच्या प्रस्तावांना मंजुरी देताना महापारेषण, महावितरण आणि राज्य भार प्रेषण केंद्राने मोजण्याची जागा उच्चदाब बाजूचा जोडबिंदू हीच धरावी. अट एमव्हीएआरमध्ये घालावी आणि व्होल्टेज पद्धत हीच नेहमीची पद्धत ठरवावी. जुनी 33 केव्हीची लाइन तशीच ठेवून तिच्यावर दुप्पट करंट घालणार असाल, तर तिचे व्हारचे नुकसान चौपट होणार हे धरूनच अभ्यास मागवावा. डॉग कंडक्टरच्या (या नावाच्या तारेच्या) 15 किलोमीटरच्या लाइनमध्ये 100 अँपिअरला जिथे सुमारे 160 केव्हीएआर जातात, तिथे 200 अँपिअरला 630 जातील. हार्मोनिकचा अभ्यास कपॅसिटर बँक जोडलेली आणि सोडलेली, अशा दोन्ही स्थितींत व्हावा. स्वीकृती चाचणी 20, 50 आणि 100 टक्के उत्पादनाला, देण्याच्या आणि शोषण्याच्या दोन्ही बाजूंना घ्यावी. 100 टक्क्यांची चाचणी पावसाळ्यातच शक्य असते. उन्हाळ्यात जोडलेल्या प्रकल्पाला त्या चाचणीपुरते तात्पुरते प्रमाणपत्र द्यावे आणि ऑगस्टअखेर ती पूर्ण करून घ्यावी.

आपले,
पवन प्रकल्पांच्या ग्रिड जोडणीचे काम करणारे काही विद्युत अभियंते